पावणेतीन वर्षांच्या लेकीला शिमग्याला न्यावं का?

न्या, नक्की न्या. फक्त दोन दिवसांत तिला काय काय दाखवायचं याची यजमानांनी केलेली यादी बाजूला ठेवा आणि ग्रामदेवतेची पालखी तुमच्या घरी येईल तो तासभर नीट सांभाळा. बाकी जमेल ते वरकड.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी पावणेतीन वर्षांची, तुमचं सासर संगमेश्वर तालुक्यात. यंदा पहिल्यांदाच शुक्रवारी रात्री मुंबईहून निघायचं आणि रविवारी परतायचं, असा शिमग्याचा बेत आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजले तेव्हा ती अंगाला बिलगून खूप रडली होती. सासूबाई म्हणतात, पालखी घरी येणार आणि नात नाही असं कसं चालेल? यजमानांना होम म्हणजे गावची होळी, संकासुराचं सोंग, रात्रीचा नमनाचा खेळ, सगळंच दाखवायचं आहे. तुम्हाला धास्ती आहे ती आवाजाची, जागरणाची आणि गावच्या पाण्याची. मी चिपळूणकडे बालरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतो आहे. शिमग्याच्या दिवसांत दवाखान्यात काय काय येतं ते जवळून पाहिलं आहे, त्यावरून सांगतो.

शिमगा लहान मुलांना सोसतो, कारण त्याची घडणच तशी आहे. बहुतेक जत्रांत आपण देवाकडे जातो. रांग लागते, ऊन असतं, रेटारेटी होते, आणि मूल कुणाच्या तरी कडेवर बसून फक्त माणसांच्या पाठी बघतं. कोकणातल्या शिमग्यात ग्रामदेवता देवळाबाहेर पडते. रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागलेली पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर येते, होम होतो आणि मग पुढचे कितीतरी दिवस ती वाडीवाडीतून घरं घेत फिरते. भैरी असो, सोमजाई, वाघजाई की जाकादेवी, देवता तुमच्या अंगणात येते. गर्दीला बिचकणाऱ्या मुलीसाठी याहून सोयीचा सण मला माहीत नाही. घर आपलं, आजी तिथेच, झोप आली तर माजघर दोन पावलांवर. म्हणून मी पालकांना सांगतो, मुलाला घेऊन सहाणेवर तळ ठोकू नका. घरी थांबा, पालखी येतेच आहे.

त्यासाठी पहिलं काम फोनवरचं. पालखी तुमच्या वाडीत कोणत्या दिवशी आणि कोणत्या सुमाराला येणार ते सासऱ्यांना किंवा वाडीतल्या कुणाला तरी विचारा. रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचे शिमगे तेरसे, म्हणजे फाल्गुन शुद्ध त्रयोदशीचे असतात, तर काहींचे भद्रेचे, पौर्णिमेचे. भद्रेच्या शिमग्यात होम कधी लागणार हे भद्रा, म्हणजे पंचांगातला अशुभ मानलेला काळ, कधी उतरते त्यावर ठरतं, त्यामुळे तो मध्यरात्री किंवा पहाटेही लागू शकतो. घरं घेण्याचा क्रम मात्र गावकर-मानकरी आधी ठरवतात आणि वाडीत तो सगळ्यांना ठाऊक असतो. होम आठवड्याच्या मध्ये येत असेल आणि पालखी त्यानंतरच्या शनिवारी तुमच्या वाडीत असेल, तर होम सोडा आणि तो शनिवार धरा. यजमानांना हे पचायला जड जाईल, कारण चाकरमान्याला होमाची ओढ लहानपणापासूनची असते. पण या वयाच्या मुलीने होम पाहायचा तो लांबूनच. पालखीच्या मात्र तिला पुढ्यात बसता येतं.

प्रवासाचं लवकर उरकतो. शक्य असेल तर रेल्वेने जा. रात्री दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस संगमेश्वर रोडला थांबते, मूल रात्रभर आडवं झोपतं आणि सकाळी ताजंतवानं उतरतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि शिमग्याच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा तारीख ठरली की थांबू नका. गाडीनेच जायचं असेल तर मुलीला मागच्या सीटवर तिच्या वयाच्या बालआसनात बांधून बसवा. मांडीवर नको, आणि पुढच्या सीटवर तर मुळीच नको, कारण एअरबॅग उघडली तर मांडीवरच्या मुलाला तिचाच मार बसतो. घाटाआधी पोटभर दूध पाजू नका. पोळी-भाजीचे चार घास, पाण्याचे घोट, खिडकीबाहेर लांब बघायला लावणं आणि मोबाइल बंद, एवढ्यावर बहुतेक उलट्या टळतात. उलटीचं औषध तुमच्या डॉक्टरांनी दिलं असेल तरच.

जागरणाबद्दल तुमची काळजी रास्त आहे, आणि इथे मी तडजोड करत नाही. तीन वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सणासुदीला एखादी रात्र उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही, पण दुपारची झोपही गेली आणि रात्रही गेली की दुसऱ्या दिवशी मूल आवाज, माणसं, नवं घर यांतलं काहीच झेलू शकत नाही. ‘शिमग्याला गेलो आणि पोर सारखं किरकिर करत होतं’ असं पालक सांगतात तेव्हा मी आधी दुपारचं विचारतो. बहुतेक वेळा उत्तर असतं, पाहुणे आले होते, झोपलीच नाही. दुपारी जेवण झालं की तिला आतल्या खोलीत घ्या, दार ओढून घ्या, तुम्हीही शेजारी आडव्या व्हा. पाहुण्यांना सांगायचं काम यजमानांकडे द्या. पालखी रात्री उशिरा येणार असेल तर तिला नेहमीच्या वेळी झोपवा आणि पालखी शेजारच्या अंगणात आली की उचलून आणा. झोपेतून उठलेलं मूल पहिली पाच-दहा मिनिटं खांद्यावर मान टाकून शांत असतं. त्या वेळात दर्शन होतं, ओटी भरून होते आणि ते परत झोपतं.

आता पालखीचं, कारण तुमच्या दोन दिवसांचं सार तेच आहे. नाचणारी पालखी आणि बसलेली पालखी या मुलाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाचताना पालखी माणसांच्या खांद्यावर किंवा डोक्यावर असते, ढोल-ताशा-सनई टिपेला असते, गुलाल उडत असतो आणि खालच्या मुलाला फक्त पाय दिसतात. त्याला वर काय चाललंय ते कळत नाही, कानावर मात्र आदळत राहतं. मग पालखी तुमच्या पडवीत पाटावर किंवा घोंगडीवर टेकते, वाजप थांबतं, आणि ती अचानक मुलीच्या उंचीला येते. चांदीची रूपं तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. मोगऱ्या-अबोलीचे हार, नवी साडी, खण, समईचा उजेड. जी मुलगी पाच मिनिटांपूर्वी आईच्या मानेत तोंड खुपसून होती, ती हळूच मान वळवून देवीचे डोळे शोधते. हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. तेव्हा नाचताना तिला आत ठेवा आणि बसल्यावर पुढे आणा.

पुढे आणल्यावर तिला काहीतरी करायला द्या. या वयाची मुलं बघण्यात फार वेळ रमत नाहीत, हाताने करण्यात रमतात. सासूबाई ओटी भरतील तेव्हा तिच्या चिमुकल्या ओंजळीत मूठभर तांदूळ द्या. अर्धे पाटावर सांडतील, एखादा दाणा ती तोंडात टाकेल, चालायचंच. सकाळी अंगण सारवताना तिच्या वाटणीचा एक कोपरा, रांगोळीचे चार ठिपके, पालखीवर ठेवायला एक फूल. आणि गाऱ्हाणं तर या वयासाठीच आहे असं मला वाटतं. गुरव किंवा मानकरी देवीपुढे घरादाराचं गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्यावर सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दोन शब्द, ठरलेला ताल, सगळ्यांनी एकदम म्हणायचं. घरी आठवडाभर आधीपासून खेळात म्हणून घ्या: ‘आमच्या चिऊला भूक लागलीय?’ ‘व्हय म्हाराजा!’ मग त्या दिवशी सगळं अंगण तेच म्हणायला लागलं की ती दचकायच्या ऐवजी आपल्या ओळखीचं काही सापडल्यासारखी बघेल.

मुलाला पालखीखालून नेण्याची किंवा देवीच्या पायांवर घालण्याची रीत तुमच्याकडे असेल तर ती पालखी बसलेली असताना, आईच्या हातून होऊ द्या. मूल नको म्हणत असेल तर डोकं टेकवलं तेवढं पुरे. मानकऱ्यांना हे समजतं, त्यांच्याही घरी नातवंडं असतात.

आवाजाचा हिशेब आता सांगतो, म्हणजे घरात वाद घालायला तुमच्या हाती काहीतरी राहील. मुलांच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे, आणि आवाज जसा चढेल तसा सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. १०० डेसिबलला तर मोठ्या माणसालाही १५ मिनिटं पुरे, असं मानतात. ढोल-ताशाच्या अगदी जवळ आवाज सहज १०० च्या वर जातो. पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून ढोलापासून दोन मीटरवर उभं राहणं आणि १६ मीटरवर उभं राहणं यात फार फरक आहे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, माडाखाली, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा. पत्र्याच्या मांडवाखाली आणि पडवीच्या कोपऱ्यात आवाज घुमतो, तिथे नको. मुलांसाठी कान पूर्ण झाकणारे इअरमफ मिळतात, ते २० डेसिबलच्या आसपास आवाज कमी करतात. एक जोडी आत्ताच घ्या आणि घरी आधी खेळायला द्या, नाहीतर ऐन वेळी ती ते डोक्यावर ठेवूच देणार नाही. कानात कापसाचे बोळे घालू नका. त्याने आवाज फारसा अडत नाही, बोळा मात्र आत अडकतो आणि सोमवारी माझ्यासारख्याला चिमट्याने काढावा लागतो. गावात डीजे येणार असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

ढोलाची भीती कमी करायचा एक चांगला मार्ग आहे, तोही गावातच मिळतो. दुपारी ढोल कुणाच्या तरी ओट्यावर नुसता ठेवलेला असतो. वाजवणाऱ्या दादाला विनंती करा, तिला हात लावू द्या, एक बोट टिचकीसारखं मारू द्या. आवाज आपल्या हातून निघतो हे एकदा कळलं की त्याची दहशत बरीच ओसरते.

संकासुराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यजमानांना तो दाखवायचाच आहे असं दिसतं. काळा अंगरखा, तोंड झाकणारी उंच टोपी, कमरेला घुंगरं, आणि अंगावर धावून यायची त्याची जुनी हौस. पाच-सहा वर्षांच्या पोरांना त्याच्यामागे ‘आला आला’ करत पळण्यात केवढा आनंद असतो! पण दोन ते चार या वयात, मुखवट्यामागे आपला ओळखीचा काका आहे हे मुलाला सांगून पटत नाही. चेहरा बदलला म्हणजे माणूसच बदलला, असं त्याला वाटतं. ही भीती या वयात अगदी सर्वसाधारण आहे, तिच्यात काही बिघाड नाही आणि ती मोडून काढायची गरज नाही. वेष चढवायच्या आधी संकासूर होणाऱ्या मुलाला तुमच्या ओट्यावर बोलवा, चहा द्या. तिच्याशी दोन शब्द बोलू द्या. मग तिच्यासमोर टोपी घालू दे, काढू दे, पुन्हा घालू दे. ती स्वतःहून पुढे गेली तर ठीक, नाही गेली तर खिडकीच्या गजांतून बघू द्या. कुणीही, अगदी प्रेमाने, तिला उचलून त्याच्या हातात देऊ नये. ‘फोटो काढू, जरा धर’ म्हणून रडत्या मुलाला सोंगाच्या कडेवर देतात, ते मला अजिबात पटत नाही. आणि मुंबईला परत गेल्यावर ‘जेव, नाहीतर संकासुराला बोलावीन’ हे घरात कुणी म्हणणार नाही, हे आधीच ठरवून टाका. त्या धाकामुळे पुढे कित्येक आठवडे रात्री दचकून उठणारी मुलं माझ्याकडे आली आहेत.

गोमूच्या सोंगाचं मात्र उलट असतं. चेहरा उघडा, साडी, नाच, गाणी. लहान मुलींना गोमू फार आवडते. सोंगांत कुणाला जवळून बघायचं असेल तर ते तिने गोमूला बघावं.

होमाच्या वेळी गावात असाल तर झाड आणताना आणि उभं करताना मुलीला वर बांधावर किंवा ओट्यावर घेऊन उभ्या राहा. आंब्याचं नाहीतर पोफळीचं ते भलं मोठं झाड फाका म्हणजे आरोळ्या घालत, नाचवत आणतात. पुरुषांचं सगळं लक्ष झाडाकडे असतं, पायात कोण आलं ते दिसत नाही. पेटलेल्या होमापासून लांब राहायला कुणाला सांगावं लागत नाही, धग स्वतःच मागे सारते. तरी कपडे सुती असू द्या. जाळीचे, चमचमते फ्रॉक ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात.

माझ्या लेखी खरा धोका दुसऱ्या दिवशी सकाळी असतो. होम विझलेला असतो, वर पांढरी मऊ राख, आजूबाजूला नारळाच्या करवंट्या. धुळवडीची पोरं तिथेच खेळतात, आणि एखादं अनवाणी मूल त्या राखेत पाय टाकतं. आत बोटभर खोलीवर निखारे जिवंत असतात. शिमग्यात भाजलेली जी मुलं मी पाहिली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे तळवे असेच, विझलेल्या होमात भाजलेले होते. मूल घाबरून जागच्या जागी उभं राहतं, म्हणून जखम खोल होते. तेव्हा त्या सकाळी पायात बंद बूट घाला आणि होमाच्या जागेपासून तिचा हात सोडू नका. भाजलंच तर लगेच स्वच्छ साधं पाणी, नळाचं किंवा तांब्याने धार धरून, २० मिनिटं ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप नको. फोड फोडू नका. स्वच्छ कापडात गुंडाळून दवाखाना गाठा.

नमन-खेळ्यांबद्दल यजमानांची समजूत काढावी लागेल. नमन रात्री उशिरा रंगतं आणि वग तर मध्यरात्रीनंतरही चालतो. त्यांनी जावं, मन भरून बघावं. तुम्ही मुलीला सुरुवातीचा गण दाखवून परत आणा. गणपतीचं सोंग, मृदंग, टाळ, झगे घालून फेर धरणारे खेळे, एवढं तिच्या झोपायच्या वेळेआधी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

खाण्यापिण्यात तुम्ही पाण्याची भीती सांगितली आहे, पण मला आधी नारळाची वाटते. शिमग्यात जागोजागी नारळ वाढवतात आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवतात. सोबत फुटाणे, शेंगदाणे, साखरफुटाणे. चार वर्षांखालच्या मुलाला हे अख्खं देऊच नये. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, आणि पळता-हसताना दाणा श्वासनलिकेत जातो. प्रसाद नाकारायचा नाही, तो तुम्ही हातात घ्या, खोबरं किसून पोह्यांवर घाला. ठसका लागला आणि आवाजच फुटेना, तर तिला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्या. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीने आत-वर असे पाच झटके, मग पुन्हा थापा. घशात दिसत नसताना बोट घालून शोधू नका, वस्तू आणखी आत जाते. ठसका लागून थांबला, पण नंतर एक-दोन दिवस खोकला राहिला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज आला, तर डॉक्टरांना ‘दाणे खाताना ठसका लागला होता’ हे आवर्जून सांगा. साध्या एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही, तुमचं ते वाक्यच निदान करतं.

पाणी उकळून गार केलेलं द्या, गावच्या घरात चूल असतेच. सरबतांतलं बर्फाचं पाणी नको. घरचं कोकम सरबत, पन्हं, नारळपाणी खुशाल द्या. पुरणपोळी, भात-आमटी, सोलकढी, आजीच्या हातचं ताजं गरम काहीही. ओआरएसची दोन पाकिटं आणि झिंकचं औषध बॅगेत असू द्या. जुलाब झाले तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम कालवा, थोडं थोडं करून अर्ध्या ग्लासात नको. प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाका. तापाच्या औषधाचा डोस तिच्या वजनाप्रमाणे तुमच्या डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

फाल्गुनात काजू आलेले असतात. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, मुलांना आवडतो, खाऊ द्या, पण कच्च्या बीच्या सालातला चीक अंगावर उडाला की कातडी काळी पडून सोलवटते. काजू सोलत असतील तिथे मुलीला बसवू नका, आणि ओला काजू सोललेला, धुतलेला, भाजीत शिजलेलाच द्या. खेळण्यांच्या दुकानातली लुकलुकणारी घड्याळं, बोटात घालायचे दिवे घेऊ नका. त्यांतली गोल चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

अंधार पडल्यावर अनवाणी नको. सड्यावर, दगडी गडग्यात, लाकडांच्या ढिगात विंचू आणि फुरसं हा विषारी साप दोन्ही असतात. बूट झटकून घाला, अंथरूण झटकून घाला, रात्री मच्छरदाणी. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर मंत्र-तंत्रात एक मिनिट घालवू नका. आमच्या कोकणात पूर्वी लाल विंचवाने कितीतरी मुलं जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि तेव्हापासून चित्र पालटलं. वेळेत पोचलेलं मूल वाचतं. सापाचंही तेच. घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, हात किंवा पाय हलू न देता न्यायचं. १०८ ला फोन करा. जाण्यापूर्वी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते सासऱ्यांना विचारून ठेवा, पुढे देवरुखचं ग्रामीण रुग्णालय आणि रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय आहेच.

रंगांचा खेळ तिकडे रंगपंचमीला, पण पालखीसोबत गुलाल असतोच. चेहऱ्याला आणि हातापायांना आधी खोबरेल लावा. डोळ्यांत गेला तर चोळू न देता १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. तिला धाप लागण्याचा त्रास असेल तर होमाचा धूर आणि गुलाल दोन्हींपासून लांब, आणि पंप खिशात, बॅगेत नव्हे.

सासूबाईंशी मात्र आधी बोला, तिथे गेल्यावर चारचौघांत नको. ‘आई, पालखी यायच्या वेळी ती तुमच्याजवळ बसेल, ओटीचे तांदूळ ती घालेल, फक्त वाजप जोरात असेल तेव्हा मी तिला आत नेईन’ असं फोनवर सांगितलं की त्यांना नात मिळाल्याचं समाधान आणि तुम्हाला मोकळीक. नातेवाईक गालाचे मुके घेतील, कुणी चहाची बशी तोंडाला लावेल. तिथे माझं नाव पुढे करा, ‘डॉक्टर नको म्हणालेत’ हे गावात चालतं. दृष्ट लागू नये म्हणून काजळ घालायचं झालं तर डोळ्यांत नको, काही काजळांत शिसं सापडतं. गालाला किंवा तळपायाला तीट लावा, आजीचंही मन राहतं.

तिला यातलं पुढे काही आठवेल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बहुतेकांना तिसऱ्या वर्षाआधीचं फारसं आठवत नाही, तिलाही बहुधा आठवणार नाही. पण पुढच्या वर्षी ती पावणेचार वर्षांची असेल, आणि ढोलाचा आवाज, आजीचं अंगण, ‘व्हय म्हाराजा’ हे तिला परकं वाटणार नाही. ज्या घरांनी पहिल्या वर्षी घाई केली नाही, त्यांची मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतः पालखीला सामोरी धावतात. हे मी खात्रीने सांगतो.

रविवारी दुपारचं जेवण झालं की निघा, संध्याकाळच्या आणखी एका घरच्या पालखीसाठी थांबू नका. निघायच्या आधी तिच्या कानामागे, काखेत, पायांच्या बोटांमध्ये गोचीड-किडा चावल्याच्या खुणा बघा. सोमवारी शाळेला सुट्टी द्या. परतल्यावर दोन दिवसांत १०१ च्या वर ताप, पातळ जुलाब किंवा न थांबणारा खोकला आला, तर डॉक्टरांकडे जाताना गावी कुठे होतात, तिथे काय खाल्लं, काय चावलं हे सगळं लक्षात ठेवून सांगा.